ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचाय? मग आधी स्पीकरवरचा 'हा' एक आकडा वाचा

अंधारलेली खोली, टेबलावर नारिंगी उजेडात चमकणाऱ्या काचेच्या नळ्या, शेजारी फिरणारी रेकॉर्ड आणि लता मंगेशकरांचं एखादं जुनं गाणं. असे रील हल्ली इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर बरेच दिसतात. ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे आजोबांच्या भाषेत 'व्हॉल्व्हचा' अ‍ॅम्प्लिफायर, हौशी लोकांच्या दिवाणखान्यात परत आलाय.

पण त्याच्या माहितीपत्रकातला आकडा वाचला की माणूस गोंधळतो. ८ वॅट. कधी तर फक्त ३ वॅट. बाजारात शंभर वॅटचा ब्लूटूथ स्पीकर सहज मिळत असताना एवढे पैसे मोजून ८ वॅट कशासाठी घ्यायचे? आणि त्यात गाणं धड ऐकू तरी येईल का?

येईल. फक्त ते अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा समोर जोडलेल्या स्पीकरवर जास्त अवलंबून आहे. स्पीकरची निवड चुकली, तर लाखभर रुपयांचा अ‍ॅम्प्लिफायरही दबलेला, ढिला आणि तबल्याच्या थापेला फाटणारा आवाज देतो. आणि दोष मात्र ट्यूबला लागतो. साठवलेले पैसे अशा विजोड जोडीत अडकायचे नसतील, तर 'सेन्सिटिव्हिटी' हा एक शब्द नीट समजून घ्यायला हवा.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे काय?

स्पीकरला १ वॅट वीज दिली आणि बरोबर १ मीटर अंतरावर आवाज मोजला, तर तो किती डेसिबल भरतो? हा आकडा म्हणजे त्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी. घरगुती स्पीकरमध्ये तो साधारण ८२ ते १०५ डेसिबलच्या दरम्यान असतो. ८५ ते ८८ म्हणजे आजचा सर्वसाधारण स्पीकर. ९२-९३ च्या पुढे गेला की त्याला 'हाय सेन्सिटिव्हिटी' म्हणायला सुरुवात होते.

वाचताना ८६ आणि ९६ यांत फार फरक वाटत नाही. इथेच फसगत होते, कारण डेसिबलची मोजपट्टी साध्या बेरजेने चालत नाही. दोन नियम लक्षात ठेवले तरी पुरे:

• आवाज ३ डेसिबलने वाढवायचा असेल, तर दुप्पट वॅट लागतात.
• आवाज १० डेसिबलने वाढवायचा असेल, तर दहापट वॅट लागतात. आणि कानाला तो साधारण दुप्पट मोठा वाटतो.

आता पुन्हा बघा. ९६ डेसिबलचा स्पीकर ८ वॅटवर जेवढा आवाज देतो, तेवढाच आवाज ८६ डेसिबलच्या स्पीकरमधून काढायला ८० वॅट लागतील. म्हणजे योग्य स्पीकर निवडणं हे अ‍ॅम्प्लिफायर दहापट मोठा घेण्यासारखं आहे.

यामागचं कारण थोडं धक्कादायक आहे. स्पीकर हे अत्यंत उधळं यंत्र आहे. दिलेली सगळी वीज आवाजात बदलणारा स्पीकर असता, आणि तो भिंतीत बसवून आवाज फक्त पुढे सोडला असता, तर त्याची सेन्सिटिव्हिटी सुमारे ११२ डेसिबल भरली असती. त्या हिशोबाने ८८ डेसिबलचा स्पीकर जेमतेम ०.४ टक्के विजेचा आवाज करतो. उरलेली ९९ टक्क्यांहून जास्त वीज आतल्या तांब्याच्या गुंडाळीत उष्णता बनून जाते. ९८ डेसिबलचा स्पीकरही फक्त ४ टक्क्यांवर पोचतो. पण तो आधीच्यापेक्षा दहापट काटकसरी आहे.

स्पीकरवर '१०० वॅट' लिहिलंय, त्याचं काय?

आपल्याकडे आवाजाची मोजणी वॅटमध्ये करायची सवय आहे. म्युझिक सिस्टीमच्या खोक्यांवर हजारोंच्या आकड्यात 'पीएमपीओ' छापलं जायचं, तेव्हापासून ती मुरलीय.

स्पीकरच्या मागे लिहिलेले १०० वॅट म्हणजे तो किती वीज सहन करू शकतो याची मर्यादा. त्याला चालायला १०० वॅट लागतात असा त्याचा अर्थ नाही. १०० वॅट झेलणारा स्पीकर ३ वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरवर उत्तम चालू शकतो. त्यामुळे ट्यूब अ‍ॅम्पसाठी स्पीकर बघताना वॅटचा आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी सेन्सिटिव्हिटी, मग ओहम.

ट्यूब अ‍ॅम्प्लिफायर खरंच इतके कमी वॅट का देतात?

सगळे देत नाहीत. ते आत कोणती ट्यूब आहे आणि ती कशी जोडलीय यावर ठरतं.

एका चॅनेलला एकच आउटपुट ट्यूब असेल, तर त्या रचनेला 'सिंगल एंडेड' म्हणतात. तिच्यात साधेपणा आहे, पण ताकद कमी. दोन ट्यूब आलटून पालटून ढकलाओढ करत असतील, तर ती 'पुश-पुल' रचना. तिच्यात वॅट बरेच वाढतात. ढोबळ आकडे असे:

• ४५ ट्यूब, सिंगल एंडेड: सुमारे २ वॅट
• २ए३, सिंगल एंडेड: सुमारे ३.५ वॅट
• ३००बी, सिंगल एंडेड: ७ ते ९ वॅट
• ईएल८४, पुश-पुल: १० ते १७ वॅट
• ईएल३४, पुश-पुल: ३५ ते ५० वॅट
• केटी८८, पुश-पुल: ५० वॅट किंवा त्याहून जास्त

म्हणजे 'ट्यूब अ‍ॅम्पला १०० डेसिबलचाच स्पीकर लागतो' हे सरसकट खरं नाही. ईएल३४ चा पुश-पुल अ‍ॅम्प ८८ डेसिबलचे स्पीकरही आरामात चालवतो. खरी अडचण सुरू होते ती ८-१० वॅटच्या खाली.

आणखी एक गोष्ट. सिंगल एंडेड अ‍ॅम्पचे कागदावरचे ८ वॅट हे बहुतेक वेळा त्याच्या शेवटच्या टोकाचे असतात. तिथे पोचेपर्यंत आवाजातली विकृती काही टक्क्यांवर गेलेली असते. १ वॅटच्या आसपास हाच अ‍ॅम्प कितीतरी स्वच्छ वाजतो. हाय सेन्सिटिव्हिटी स्पीकर लावण्याचा मोठा फायदा हाच आहे. तो अ‍ॅम्पला त्याच्या स्वच्छ पट्ट्यात ठेवतो.

एकेकाळी सगळे असेच ऐकायचे

ही जोडी आजच्या हौशी लोकांनी शोधलेली नाही. बोलपट आले तेव्हा दुसरा पर्यायच नव्हता. १९२७ साली अमेरिकेत 'द जॅझ सिंगर' आला, १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला आणि १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. ट्रान्झिस्टरचा शोध लागायला अजून पंधरा वर्षं होती. मोजक्या वॅटच्या ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरवर शेकडो माणसांचं थिएटर भरायचं, तर स्पीकरनेच जास्त काम करणं भाग होतं. म्हणून पडद्यामागे माणसाएवढे कर्णे बसवले गेले.

आज ज्या ३००बी ट्यूबचं इतकं कौतुक होतं, ती वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९३८ साली आणली. तिचं काम होतं अशाच व्यावसायिक यंत्रणा चालवण्याचं. घरातला मर्फी, बुश किंवा फिलिप्सचा व्हॉल्व्हचा रेडिओही दोन-चार वॅटमध्ये वाडाभर ऐकू जायचा. त्याचा कागदी शंकूचा स्पीकर हलका आणि चटकन हलणारा होता.

मग हे स्पीकर गेले कुठे? १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी एआर-१ हा स्पीकर आणला. बंद पेटीतल्या हवेचा स्प्रिंगसारखा वापर करून त्यांनी छोट्या पेटीतून खोल बास काढला. घरात कपाटाएवढा स्पीकर ठेवायची गरज संपली. बदल्यात सेन्सिटिव्हिटी गेली, म्हणजे वॅट जास्त लागू लागले. पण १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि वॅट स्वस्त झाले. त्यानंतर स्पीकर लहान होत गेले, अ‍ॅम्प मोठे होत गेले आणि कुणाला काही वाटलं नाही. आज ८५ डेसिबलचा स्पीकर सर्रास मिळतो, तो याच व्यवहारामुळे.

तीनपैकी दोनच मिळतात

स्पीकर बनवणाऱ्यांमध्ये एक 'लोखंडी नियम' सांगितला जातो. अमेरिकन अभियंते जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने तो ओळखला जातो. केएलएच या कंपनीच्या नावातला 'एच' तो हाच. नियम असा: लहान पेटी, खोल बास आणि जास्त सेन्सिटिव्हिटी यांपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका स्पीकरमध्ये मिळतात.

त्यामागचं गणित कठोर आहे. समजा, ४० लिटरची पेटी ८० हर्ट्झपर्यंत बास देते. सेन्सिटिव्हिटी तीच ठेवून तो ४० हर्ट्झपर्यंत खाली न्यायचा असेल, तर पेटी आठपट, म्हणजे ३२० लिटर करावी लागते. बऱ्यापैकी मोठ्या फ्रिजएवढी. पेटी ४० लिटरचीच ठेवायची असेल, तर ९ डेसिबल सेन्सिटिव्हिटी सोडावी लागते.

त्यामुळे एखादी जाहिरात बुटाच्या खोक्याएवढ्या स्पीकरमध्ये ९८ डेसिबल आणि ३५ हर्ट्झ एकत्र देत असेल, तर शंका घ्यायलाच हवी.

हाय सेन्सिटिव्हिटी स्पीकरचे तीन प्रकार

*हॉर्न, म्हणजे कर्णा.* शेतात लांबच्या माणसाला हाळी देताना तोंडाभोवती दोन्ही हात धरतात. घसा तोच, ताकद तीच, पण आवाज लांब जातो. कर्णा हेच करतो. छोट्या पडद्याची हालचाल बाहेरच्या मोकळ्या हवेपर्यंत हळूहळू रुंदावत नेतो, त्यामुळे ताकद वाया जात नाही. चावीच्या ग्रामोफोनला वीज नव्हती, तरी खोली भरायची ती कर्ण्यामुळे. देवळावरचा भोंगा थोड्या वॅटमध्ये गावभर ऐकू येतो, तोही याच कारणाने. फरक इतकाच की भोंगा फक्त बोलणं पोचवण्यासाठी बनवलेला असतो. घरगुती हॉर्न स्पीकरला षड्जापासून टाळेपर्यंत सगळं सांभाळावं लागतं.

या प्रकारातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे पॉल क्लिप्श. त्यांनी १९४६ मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात, होप या गावी कंपनी काढली. त्यांचा क्लिप्शहॉर्न खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा असतो, कारण कोपऱ्याच्या दोन भिंती हाच त्याच्या बासच्या कर्ण्याचा शेवटचा भाग असतो. कंपनी त्याची सेन्सिटिव्हिटी १०५ डेसिबल सांगते. त्याच घरातला हेरेसी त्या मानाने आटोपशीर. १२ इंची वूफर आणि वर दोन छोटे हॉर्न. हेरेसीच्या चौथ्या आवृत्तीला कंपनी ९९ डेसिबल देते, पण बास मात्र ४८ हर्ट्झवर थांबतो. लोखंडी नियम इथेही सुटत नाही.

हॉर्नचा आवाज जिवंत, थेट अंगावर येणारा असतो. ढोलकीची थाप, सनई, ब्रास यांना त्यात मजा येते. पण हॉर्न सुमार असेल किंवा फार जवळ बसून ऐकलं, तर आवाज नाकातून आल्यासारखा किंवा कर्कश वाटू शकतो.

*फुल-रेंज, म्हणजे एकच ड्रायव्हर.* वूफर नाही, ट्विटर नाही. एकच हलका कागदी शंकू सगळे सूर वाजवतो. आवाज वाटून देणारं क्रॉसओव्हर सर्किट मध्ये नसल्यामुळे अ‍ॅम्पवर भारही कमी पडतो. ब्रिटनची लोदर आणि जपानची फोस्टेक्स ही या प्रकारातली जुनी नावं. गायकी ऐकणाऱ्यांना हे स्पीकर फार आवडतात, कारण आवाज एकाच बिंदूतून येतो आणि समोर माणूस बसून गातोय असं वाटतं. फोस्टेक्ससारखे ड्रायव्हर मागवून, कंपनीने दिलेल्या नकाशाप्रमाणे सुताराकडून १८ मिलिमीटर प्लायवूडची पेटी करून घेणारेही असतात. कमी खर्चात या छंदात शिरण्याचा हा चांगला रस्ता आहे. उणीव दोन ठिकाणी जाणवते. खालचा बास तोकडा असतो आणि वरच्या मधल्या पट्टीत आवाज 'ओरडू' शकतो. पखवाज, ऑर्गन किंवा आजचं इलेक्ट्रॉनिक संगीत यांवर मुळीच विसंबू नये.

*मोठा वूफर, साधी पेटी.* दहा, बारा किंवा पंधरा इंची कागदी वूफर, रुंद पेटी आणि साधं क्रॉसओव्हर. दिसायला सत्तरच्या दशकातले, पण स्वभावाने सगळ्यात समंजस. न्यूयॉर्कमधल्या डेव्होर फिडेलिटीचा ओ/९६ हे याचं आजचं उदाहरण. ९६ डेसिबल आणि १० ओहम, म्हणजे ट्यूब अ‍ॅम्प डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलेला. ज्यांना एकाच स्पीकरवर नाट्यसंगीत, जॅझ आणि नवीन सिनेगाणी असं सगळं ऐकायचंय, त्यांनी आधी हा प्रकार ऐकून पाहावा.

फक्त डेसिबल बघून चालत नाही, ओहमही बघा

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथे. स्पीकर '८ ओहम' असतो म्हणजे तो कायम ८ ओहम नसतो. सुरानुसार त्याचा अडथळा वरखाली होतो. कुठे ४ वर उतरतो, कुठे ३० वर चढतो.

ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला याचं फारसं काही वाटत नाही, कारण त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स नगण्य असतो. सिंगल एंडेड ट्यूब अ‍ॅम्पचा मात्र २-३ ओहम असू शकतो. समजा, तो २.५ ओहम आहे आणि स्पीकर ४ ते ३० ओहमच्या दरम्यान झुलतोय. मग ३० ओहमच्या जागचे सूर ४ ओहमच्या जागच्या सुरांपेक्षा सुमारे ३.५ डेसिबल मोठे वाजतील. गायकाचा आवाज मागे जाईल आणि बास घुमेल, किंवा उलटही होईल. रेकॉर्डिंग तेच, पण चेहराच बदललेला. स्पीकर ६ ते १२ ओहमच्या दरम्यान राहत असेल, तर हाच फरक दीड डेसिबलच्या आत येतो.

म्हणूनच ९४ डेसिबलचा पण ३ ओहमपर्यंत कोसळणारा स्पीकर छोट्या ट्यूब अ‍ॅम्पला जड जातो, आणि कधीकधी ९० डेसिबलचा पण सरळ स्वभावाचा स्पीकर त्याच्यापेक्षा छान वाजतो. बीबीसीने आपल्या कामासाठी तयार केलेला एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर याचं प्रसिद्ध उदाहरण. सेन्सिटिव्हिटी जेमतेम ८२-८३ डेसिबल. तरीही मूळ आवृत्ती १५ ओहमची असल्याने लहान खोलीत, मध्यम आवाजात, २०-३० वॅटच्या ट्यूब अ‍ॅम्पबरोबर तो वर्षानुवर्षं ऐकला जातोय.

आकड्यांतली चलाखी

सेन्सिटिव्हिटीचा आकडा वाचताना दोन ठिकाणी सावध राहायचं.

पहिलं म्हणजे '२.८३ व्होल्ट'. बऱ्याच कंपन्या १ वॅटऐवजी २.८३ व्होल्ट देऊन मोजतात. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॅट, तिथे काही बिघडत नाही. पण ४ ओहमच्या स्पीकरला तेवढेच व्होल्ट म्हणजे २ वॅट. फुकटचे ३ डेसिबल वाढलेले दिसतात. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरवर '९१ डेसिबल, २.८३ व्होल्ट' लिहिलं असेल, तर मनात ८८ धरायचे.

दुसरं म्हणजे मोजलं कुठे. प्रतिध्वनी नसलेल्या खास खोलीत मोजलेला आकडा कमी येतो. साध्या खोलीत मोजला, तर भिंतींची मदत मिळते आणि तो फुगतो. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करणं धोक्याचं. स्पीकरची स्वतंत्र मोजणी करणारी परीक्षणं इंटरनेटवर मिळतात. त्यांत सेन्सिटिव्हिटी कंपनीच्या दाव्यापेक्षा काही डेसिबल कमी निघणं नवीन नाही. शक्य असेल तर तोच आकडा धरावा.

हिशोब आपल्या खोलीचा

आता हे सगळं घरात आणूया. समजा दहा बाय बाराची खोली आहे आणि ऐकणारा स्पीकरपासून तीनेक मीटरवर बसतो. अंतरामुळे आवाज कमी होतो, पण दुसरा स्पीकर आणि भिंती थोडा परत देतात. ढोबळमानाने ५ डेसिबल वजा धरायचे.

अ‍ॅम्प ३००बी चा, ८ वॅट. १ वॅटवरून ८ वॅट म्हणजे तीनदा दुप्पट, म्हणून ९ डेसिबलची भर.

• ८६ डेसिबलचा स्पीकर: ८६ + ९ − ५ = ९०
• ९६ डेसिबलचा स्पीकर: ९६ + ९ − ५ = १००

९० डेसिबल ऐकायला भरपूर वाटतात. पण हा आकडा सर्वात मोठ्या क्षणाचा आहे. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये तबल्याची थाप किंवा तानेचा शेवट सरासरी आवाजापेक्षा १५-२० डेसिबल वर उडी मारतो. म्हणजे पहिल्या जोडीत सरासरी आवाज ७०-७५ च्या पुढे नेला, की प्रत्येक समेवर अ‍ॅम्पचा श्वास संपणार. दुसऱ्या जोडीत ८०-८५ पर्यंत निवांत जाता येतं. साधं बोलणं साधारण ६० डेसिबल असतं, हे धरलं तर अंदाज येईल.

रात्री हळू आवाजात गझल ऐकणाऱ्याला पहिली जोडीही पुरू शकते. त्यामुळे 'मी किती मोठ्याने ऐकतो?' हा प्रश्न आधी स्वतःला विचारायला हवा. मोबाइलवरच्या डेसिबल अ‍ॅपने एकदा मोजून पाहिलं तरी ढोबळ उत्तर मिळतं. सतत ८५ डेसिबलच्या वर तासन्तास ऐकणं कानांना घातक आहे, हेही त्याच वेळी लक्षात ठेवावं.

साध्या घरासाठी हा ठोकताळा चालतो:

• २ ते ४ वॅट: ९७ डेसिबल किंवा जास्त
• ७ ते ९ वॅट: ९३ डेसिबल किंवा जास्त
• १० ते २० वॅट: ९० डेसिबल किंवा जास्त
• ३५ वॅटच्या पुढे: ८६-८७ सुद्धा चालेल, फक्त ओहम फार खाली जात नाहीत ना ते बघा

हॉल मोठा असेल आणि स्वयंपाकघरापर्यंत मोकळा असेल, तर यात आणखी ३ डेसिबल मिळवा.

घरात आल्यावर कळणाऱ्या गोष्टी

*गुणगुण.* हाय सेन्सिटिव्हिटी स्पीकर गाणं जसं मोठं करतो, तशी अ‍ॅम्पची घरघरही मोठी करतो. अ‍ॅम्पच्या आउटपुटला फक्त १ मिलिव्होल्टची गुणगुण असेल, तर ८६ डेसिबलच्या स्पीकरवर ती १ मीटरवर १७ डेसिबल भरते, म्हणजे ऐकूच येत नाही. १०० डेसिबलच्या स्पीकरवर तीच ३१ डेसिबल होते. रात्रीच्या शांत खोलीत ती कळते. म्हणून गाणं बंद ठेवून स्पीकरला कान लावून बघणं ही खरेदीतली महत्त्वाची चाचणी आहे. घरातलं अर्थिंग नीट नसेल, तर ही गुणगुण वाढते.

*जागा.* क्लिप्शहॉर्नला दोन मोकळे कोपरे लागतात. आपल्या फ्लॅटमध्ये एका कोपऱ्यात दार, दुसऱ्यात कपाट आणि तिसऱ्यात देवघर असतं. पंधरा इंची वूफरचा स्पीकर घेण्याआधी जमिनीवर खडूने त्याची चौकट आखून दोन दिवस तशीच राहू द्यावी. येता-जाता पाय अडखळत असेल, तर उत्तर मिळालंच.

*उष्णता आणि वीज.* सिंगल एंडेड अ‍ॅम्प गाणं वाजत नसतानाही पूर्ण वीज ओढतो. दोन्ही बाजूंना मिळून १६ वॅट देणारा अ‍ॅम्प भिंतीतून शंभर-दीडशे वॅट घेऊ शकतो. नागपूर किंवा जळगावच्या मे महिन्यात हे खोलीत जाणवतं.

*सुरक्षितता.* ट्यूब अ‍ॅम्पच्या आत ३०० व्होल्टहून जास्त दाब असतो आणि बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही वेळ साठून राहतो. झाकण उघडायचं काम जाणकाराचंच. नळ्या बाहेरून भाजतील इतक्या तापतात, त्यामुळे घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर जाळी हवीच. आणि स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही सुरू करू नये. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. तो ट्यूबपेक्षा कितीतरी महाग पडतो.

पैसे देण्याआधी हे तपासा

१. अ‍ॅम्प आधी ठरलाय की स्पीकर? दोन्ही ठरले नसतील तर स्पीकर आधी निवडा. त्याला साजेसा अ‍ॅम्प शोधणं सोपं असतं, उलटं अवघड.

२. स्पीकरचा किमान ओहम किती? कंपनीने दिला नसेल, तर मोजणी केलेलं परीक्षण शोधा. ६ च्या वर असेल तर निश्चिंत.

३. अ‍ॅम्पला ४ आणि ८ ओहमची वेगळी टोकं आहेत का? दोन्हींना लावून ऐका. कागदावर चुकीचं वाटणारं टोकही कधी जास्त छान वाजतं, आणि त्याने अ‍ॅम्पला काही होत नाही.

४. अ‍ॅम्प परदेशातून येत असेल, तर तो २३० व्होल्टवर चालतो ना? ११५ व्होल्टचा अ‍ॅम्प थेट आपल्या प्लगला लावला, तर पहिल्या दिवशीच गमवाल.

५. जुना स्पीकर घेत असाल, तर शंकूची कड बोटाने हलकेच दाबून बघा. फोमची कड वर्षांनी भुगा होते. कापडी आणि कागदी कड जास्त टिकते.

६. ऐकायला जाताना स्वतःची गाणी न्या. दुकानातलं निवडक रेकॉर्डिंग कुठल्याही स्पीकरवर छान वाजतं. किशोरी आमोणकरांचा एखादा विलंबित ख्याल, गर्दीच्या वाद्यमेळाचं एक सिनेगाणं आणि ढोलकी असलेली एक लावणी, एवढ्यात स्पीकरचा स्वभाव कळतो.

७. हळू आवाजात ऐका. हाय सेन्सिटिव्हिटी स्पीकरची खरी परीक्षा तिथेच असते. आवाज कमी केल्यावरही तानपुरा आणि गायकाचा श्वास ऐकू येत असेल, तर जोडी जमली.

मग ही जोडी कुणी घेऊ नये?

खोली लहान आहे, स्पीकर टेबलावर ठेवायचाय, सिनेमाचे स्फोट हवेत किंवा खोल बास हा जीव की प्राण आहे, अशांसाठी ही जोडी नाही. तेवढ्या पैशात चांगला ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आणि ८६ डेसिबलचे नीट बनवलेले स्पीकर जास्त सुख देतील. त्यात कमीपणा काही नाही.

ज्यांच्याकडे आधीच ८५-८६ डेसिबलचे आवडते स्पीकर आहेत, त्यांनी ते विकून टाकण्याआधी ३५-४० वॅटचा पुश-पुल ट्यूब अ‍ॅम्प एकदा जोडून ऐकावा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं.

आणि ज्यांना ३००बी चाच अ‍ॅम्प घ्यायचाय, त्यांनी बजेटचा मोठा वाटा आधी स्पीकरकडे वळवावा. नळ्या बदलता येतात, अ‍ॅम्पही नंतर बदलता येतो. पण १ वॅटमध्ये खोली भरणारा स्पीकर एकदा मनासारखा मिळाला, की तो पुढची वीस वर्षं घरातून हलत नाही.